लेकरू ‘लीगली फ्री’ झालं म्हणतात? अपील कसं करायचं ते सांगते

बालकल्याण समितीनं, म्हणजे निराधार लेकरांचं काय करायचं ते ठरवणाऱ्या जिल्ह्याच्या समितीनं, लेकराला दत्तकासाठी मोकळं केल्याचं कळलं की घरातली माणसं आधी धावतात ती लेकरू ठेवलेल्या संस्थेच्या फाटकाकडं. तिथं रडारड होते, वॉचमन आत सोडत नाही, कुणीतरी मोबाईलवर शूटिंग काढतं, मग आमदारांच्या पीएला फोन. ह्यात आठवडा जातो. मी मराठवाड्यातल्या एका जिल्ह्यात विधी सेवा प्राधिकरणाची स्वयंसेवक आहे, आणि माझ्याकडं येणारी बहुतेक माणसं हा आठवडा घालवूनच येतात. फाटकाकडं नंतर जा. आधी आदेशाची नक्कल मागा.

हा मजकूर आईबाप स्वतः वाचतील असं मला वाटत नाही. वाचणार तुम्ही: भाचा, आशाताई, जिल्हा परिषदेच्या शाळेतले सर, ऊसतोडीच्या टोळीतल्या कुणाची तरी बारावी झालेली पोरगी. म्हणून तुमच्याशीच बोलते.

आधी कागद ओळखा

समितीचा प्रत्येक आदेश सारखा नसतो. लेकराला बालगृहात किंवा शिशुगृहात ठेवायचा आदेश असेल, तर आईबापाचं नातं त्यानं तुटत नाही. दत्तकासाठी कायदेशीररीत्या मुक्त घोषित केल्याचा आदेश वेगळा. तो बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ३८ खाली निघतो. त्यानंतर लेकराची माहिती ‘कारा’ या केंद्रीय प्राधिकरणाच्या पोर्टलवर चढते, यादीत वाट बघत बसलेल्या जोडप्याला दाखवली जाते, आणि राखून ठेवायला त्यांना ४८ तास मिळतात. जोडप्यानं होकार दिला की लेकरू दत्तकपूर्व संगोपनासाठी त्यांच्या घरी जातं. शेवटचा कागद दत्तकाचा आदेश. तो झाला की कलम ६३ प्रमाणं जन्मदात्यांशी असलेलं नातं कायद्यानं संपतं.

ह्या तीन कागदांपैकी तुमच्या हातात कुठला आहे, त्यावर तुमच्याकडं किती वेळ आहे हे ठरतं.

आणि एक चौथा प्रकार, तो सगळ्यात आधी तपासा. आईनं स्वतःच समितीसमोर बाळ सरेंडर केलं, म्हणजे कायमचं सोपवलं असेल, तर विचार बदलायला कायदा तिला दोन महिने देतो. त्या मुदतीत अपील, वकील, कोर्ट, काही लागत नाही. ‘मी समर्पणाचा निर्णय मागे घेते, बाळ परत मिळावं’ असा साधा अर्ज समितीलाच द्यायचा आणि पोच घ्यायची. मागच्या हंगामात एक बाई वकील द्या म्हणत आली. कागद बघितला तर सरेंडरला सहा आठवडेसुद्धा झाले नव्हते. बहिणीच्या नवऱ्यानं तिला सांगितलं होतं, आता हायकोर्टाशिवाय गत्यंतर नाही. अशा सल्लागारांपासून लांब राहा.

तीस दिवस कुठून मोजायचे

अपील कलम १०१ खाली होतं. मुदत आदेशाच्या तारखेपासून ३० दिवस. तुम्हाला कधी कळलं ह्यावर ती ठरत नाही. नक्कल मिळायला जितके दिवस लागले तितके मुदतीतून वगळता येतात, पण अर्ज कधी केला आणि नक्कल कधी मिळाली, ह्या दोन्ही तारखा नकलेवर असतील तरच ते दाखवता येतं.

आमच्या भागातली खरी अडचण इथंच आहे. टाकून दिलेलं किंवा अनाथ म्हणून आलेलं लेकरू दोन वर्षांपर्यंतचं असेल तर दोन महिन्यांत, त्याहून मोठं असेल तर चार महिन्यांत त्याच्याबद्दल घोषणा व्हावी, असं कायदा सांगतो. लेकरू वर्षानुवर्षं संस्थेत सडू नये म्हणून ही घाई आहे, आणि ती मला पटते. पण ऊसतोडीचा हंगाम पाच-सहा महिन्यांचा. दिवाळीच्या आगंमागं कोयता, म्हणजे ऊस तोडणारं जोडपं, निघतो, आजीकडं ठेवलेलं पोर आजी दवाखान्यात पडल्यावर बेवारस म्हणून कुणीतरी पोलिसांना देतं, आणि आईबाप कर्नाटकातल्या कुठल्यातरी फडात. उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, फिटल्याशिवाय मुकादम सोडत नाही. पाडव्याला गाडी गावात येते तेव्हा आदेश होऊन गेलेला असतो.

म्हणून मुदत टळली असली तरी हात टेकू नका. पुरेसं कारण असेल तर उशिरा आलेलं अपीलही ऐकता येतं, हे त्याच कलमात लिहिलेलं आहे. त्यासाठी विलंब माफीचा वेगळा अर्ज आणि शपथपत्र लागतं. ‘आम्ही बाहेरगावी होतो’ एवढं लिहून भागत नाही. कारखान्याचं नाव, टोळीचा नंबर, मुकादमाचं सहीचं पत्र, उसाच्या वजनाच्या पावत्या, दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड, पैसे गावाकडं पाठवल्याचे फोन-पेचे स्क्रीनशॉट, जे असेल ते जोडा. मुकादम पत्र द्यायला का-कू करतो. सरपंचाला मधे घाला, देतो.

नक्कल मागताना

कोऱ्या कागदावर, दोन प्रतींत. मी साधारण असं लिहायला सांगते:

‘मा. अध्यक्ष, बालकल्याण समिती, जिल्हा अमुक. विषय: आदेश व प्रकरणातील कागदपत्रांच्या प्रमाणित प्रती मिळणेबाबत. मी खाली सही करणार, सदर बालकाची आई आहे. आपण दिनांक अमुक रोजी माझ्या बालकाबाबत दिलेला आदेश मला मान्य नसून त्याविरुद्ध मला अपील करावयाचे आहे. तरी सदर आदेश, सामाजिक तपासणी अहवाल, पोलिसांचा शोध अहवाल, वर्तमानपत्रातील जाहिरात, समर्पण विलेख असल्यास तो, आणि समितीच्या बैठकांच्या नोंदी यांच्या प्रमाणित प्रती तातडीने मिळाव्यात. अपील दाखल होईपर्यंत बालकाच्या दत्तकाची पुढील कार्यवाही करू नये, ही विनंती.’

दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडायचं नाही. साहेब नाहीत, उद्या या, असं सांगितलं तर तोच अर्ज पोस्टातून रजिस्टर करून पाठवा आणि पावती जपा. हीच प्रत जिल्हा बाल संरक्षण कक्षाला आणि लेकरू ज्या संस्थेत आहे तिलाही द्या. त्यानं कार्यवाही आपोआप थांबत नाही. पण आई समोर आलीय हे आम्हाला माहीतच नव्हतं, असं पुढं कुणाला म्हणता येत नाही.

वकील आणि कोर्ट

बाईला मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ चं कलम १२ तसं म्हणतं. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसालाही अट नाही. म्हणून अर्जदार शक्यतो आईला करा. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, जिल्ह्याला प्राधिकरणाचं ऑफिस असतं, आणि १५१०० हा फोन आहे. वकील नेमल्याचं पत्र मिळालं की त्याच दिवशी त्या वकिलाला गाठा. पत्र पोस्टानं पोचायची वाट बघत बसाल तर आठवडा गेला म्हणून समजा.

अपील जातं बाल न्यायालयात, म्हणजे जिल्हा व सत्र न्यायालयातल्या त्यासाठी नेमलेल्या न्यायाधीशांकडं. जिल्हाधिकाऱ्यांकडं समितीच्या कामकाजाबद्दल तक्रार करता येते: नक्कल देत नाहीत, भेटू देत नाहीत, वगैरे. ती जरूर करा. पण लेकरू लीगली फ्री केल्याचा आदेश रद्द करून घ्यायचा तर कोर्टाची पायरी चढावीच लागते. लोक लोकशाही दिनात टोकन घेऊन बसतात आणि अपील केलं असं समजतात. तेवढ्यात मुदत संपते.

नंबर ‘फौजदारी अपील’ म्हणून पडला तर घरचे घाबरतात. तुमच्यावर गुन्हा नाही, ती फक्त कोर्टाच्या रजिस्टरची सोय आहे.

अपिलासोबत त्याच दिवशी स्थगितीचा, म्हणजे निकालापर्यंत दत्तकाचं काम थांबवायचा, अर्ज गेलाच पाहिजे. माझ्या मते हा अर्ज अपिलापेक्षा महत्त्वाचा. अपील ३० दिवसांत निकाली काढावं असं कायद्यात आहे, पण प्रत्यक्षात तारखा पडतात, आणि त्या दोन तारखांमधे लेकरू दुसऱ्या घरी जाऊन तिथल्या बाईला आई म्हणायला लागतं. मग न्यायाधीशांपुढं नुसता कायद्याचा प्रश्न उरत नाही. स्थगिती मिळाली की आदेशाची प्रत हातोहात संस्थेला आणि बाल संरक्षण कक्षाला पोचवा. कोर्टाचा बेलिफ जाईल तेव्हा जाईल.

२०२१ मध्ये तिरुवनंतपुरमला एका आईनं आपल्या संमतीशिवाय बाळ दत्तक दिल्याची तक्रार लावून धरली होती. बाळ आंध्रातल्या जोडप्याकडं पोचलं होतं. कौटुंबिक न्यायालयानं दत्तकाचं काम मधेच थांबवलं, डीएनए जुळला, आणि नोव्हेंबरमध्ये बाळ आईकडं परत आलं. शेवटचा दत्तक आदेश व्हायचा बाकी होता, म्हणून ते इतक्या लवकर जमलं.

फाईल वाचायची कशी

अपिलात ‘मी चांगली आई आहे’ हे पानभर लिहून काही हाती लागत नाही. समितीनं कुठली पायरी गाळली, ते दाखवायचं. त्यासाठी फाईल पानापानानं वाचा. घाईत असलेला वकील वाचत नाही, तुम्ही वाचा आणि त्याला पेन्सिलनं खूण करून द्या.

पहिल्यांदा सह्या मोजा. लीगली फ्री घोषित करायला समितीच्या किमान तीन सदस्यांचा निर्णय लागतो. दोनच सह्या असतील तर तिथंच खूण करा.

मग शोध. एका फाईलमधे पोलिसांचा अहवाल एका ओळीचा होता: ‘शोध घेतला, नातेवाईक मिळून आले नाहीत.’ पोराच्या अंगठ्याजवळ गोंदलेलं होतं, त्याला स्वतःचं नाव आणि ‘बापू मुकादम’ एवढं सांगता येत होतं, आणि ते समुपदेशकाच्या नोंदीत लिहिलेलंही होतं. त्या नावाचा मुकादम त्या तालुक्यात कुणीही दाखवला असता. जाहिरातीचं कात्रण बघितलं तर पेपर मराठीच, पण फोटो असा काळा आलेला की त्याच्या आजीनंही ओळखलं नसतं. अशी दोन पानं शेजारी शेजारी ठेवली की न्यायाधीशांना वेगळं काही समजावावं लागत नाही. कायद्यात टाकून दिलेलं बालक म्हणजे आईबापानं सोडलेलं, आणि नीट चौकशी करून समितीनं तसं ठरवलेलं. चौकशीच झाली नसेल तर घोषणेखाली पायाच उरत नाही.

सामाजिक तपासणी अहवालात घराचं वर्णन असतं. ते तुमच्या घराशी जुळतं का बघा. न येताच लिहिलेला अहवाल लगेच कळतो: सगळ्यांच्या घरी ‘पत्र्याचे घर, आर्थिक परिस्थिती हलाखीची.’ नोटीस कुठल्या पत्त्यावर गेली, कुणी घेतली, घराला कुलूप असल्याचा शेरा आहे का, तेही बघा. सहा वर्षांच्या पोराचं स्वतःचं म्हणणं लिहून घेतलंय का?

सरेंडरची फाईल असेल तर समर्पण विलेख, म्हणजे सरेंडरचा सही केलेला कागद, नीट वाचा. नवरा-बायको असतील तर दोघांच्या सह्या लागतात. लग्नाआधीचं मूल असेल तर आईची. सही समितीसमोर झाली की दवाखान्यात खाटेवर, समुपदेशन झालं का, दोन महिने पुरे व्हायच्या आत तर घोषणा झाली नाही ना, हे तपासा. बाई अडाणी असेल आणि अंगठ्याखाली ‘वाचून दाखवले, समजले’ असा छापील शिक्का असेल, तर कुणी वाचून दाखवलं ते तिला विचारा आणि शपथपत्रात घ्या.

आणि गरिबी. अहवालात ‘पालक बालकाचे संगोपन करण्यास आर्थिकदृष्ट्या असमर्थ’ असं वाक्य बहुतेक सापडतंच. लेकराची पहिली जबाबदारी कुटुंबाची, संस्था हा शेवटचा उपाय, आणि घरी परत पाठवणं हा मुख्य हेतू, असं हाच कायदा कलम ३ आणि ४० मधे सांगतो. महाराष्ट्रात सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे, मिशन वात्सल्यमधे महिना ४,००० रुपयांची प्रायोजकत्व मदत आहे. समितीनं ह्यातलं काही देऊ केलं होतं का, हा प्रश्न अपिलात विचारायचाच. निवडीला निकष असतात, सगळ्यांना मिळेलच असं नाही, पण विचारलंच नसेल तर तो मुद्दा तुमचा.

भेटीचं रजिस्टर

हे मी सगळ्यांना ओरडून सांगते. लेकरू संस्थेत आहे तोवर भेटायला जा आणि रजिस्टरवर सही करा. वर्षभर कुणी भेटायला आलं नाही, अशा मुलांचा शोध घेऊन त्यांच्या दत्तकाचा विचार करायला सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२३ मधे राज्यांना सांगितलंय. त्यामागचा हेतू चांगला आहे, पण शिक्षणासाठी म्हणून बालगृहात पोरं ठेवून निर्धास्त झालेल्या आईबापांना ह्याचा पत्ताच नसतो. फडात असाल तर फोन करा, आणि संस्थेच्या व्हॉट्सअॅपवर निरोप टाका म्हणजे तारीख राहते. भेट नाकारली तर ‘आज अमुक वाजता आले, भेट दिली नाही’ असा अर्ज तिथंच द्या. राखीला आत्या आली असेल तर तिचीही सही चालते. नातेवाईक आहेत हे दिसतं.

तारखेच्या दिवशी

न्यायाधीश बहुतेक वेळा एकच गोष्ट विचारतात: आज लेकरू दिलं तर आज रात्री ते कुठं झोपेल, आणि पुढच्या दिवाळीला तुम्ही फडात गेलात तर त्याचं काय? ह्याचं उत्तर आधी तयार पाहिजे. सांभाळणाऱ्या मावशीला सोबत न्या, तिचं शपथपत्र आणि आधार जोडा. अंगणवाडी सेविकेचं पत्र, रेशनकार्ड, भावंडांची शाळेतली हजेरी जोडा. बाप दारू पीत असेल आणि आता सुटली असेल तर व्यसनमुक्ती केंद्राचा कागद आणा. सुटली नसेल तर खोटं बोलू नका. अहवालात ते आलेलं असतंच, आणि पकडलं गेलं की बाकीच्या खऱ्या गोष्टीही गेल्या.

नात्याबद्दल शंका असेल तर डीएनए चाचणीची तयारी तुम्ही स्वतःच लेखी दाखवा. जन्माचा दाखला नसला तरी लसीकरणाचं कार्ड, बाळंतपणाची नोंद, आशाताईचं रजिस्टर हे सगळं उपयोगी पडतं.

एक गोष्ट अजिबात करायची नाही: लेकराचा फोटो, नाव, संस्थेचं नाव व्हॉट्सअॅपवर फिरवायचं नाही, पत्रकाराला द्यायचं नाही. कलम ७४ प्रमाणं त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड आहे, दोन्हीही होऊ शकतं. रागात असलेल्या मामाला हे आधी सांगा.

आणि अपील करूच नये अशीही प्रकरणं असतात. लेकराला घरात मारहाण झालीय, अंगाशी खेळ झालाय, आणि तो माणूस अजून त्याच घरात आहे, तर मी अर्ज लिहून देत नाही. आईला वेगळं राहायची सोय करून द्यायला धावते, मग पुढचं बघू. नवरा-बायकोच्या भांडणात लेकरू सासरी अडकलं असेल तर तोही ह्या कलमाचा विषय नाही. त्याला कौटुंबिक न्यायालय आणि १८९० चा पालक व पाल्य अधिनियम आहे.

हरलात तर

बाल न्यायालयाच्या निकालावर दुसरं अपील नाही. पण कलम १०२ खाली उच्च न्यायालय फाईल मागवून आदेश तपासू शकतं. आमच्यासाठी ते छत्रपती संभाजीनगरचं खंडपीठ. तिथंही विधी सेवा समिती आहे आणि मोफत वकील मिळतो. जिल्ह्याची सगळी कागदं जशीच्या तशी न्या, नव्यानं गोष्ट सांगायला जाऊ नका.

मधल्या काळात दत्तकाचा आदेश झाला असेल, तर तो कुणी दिला ते बघा. १ सप्टेंबर २०२२ पासून कायद्यानं हे काम जिल्हाधिकाऱ्यांकडं दिलंय आणि त्यांच्या आदेशावर ३० दिवसांत विभागीय आयुक्तांकडं अपील होतं. ह्या बदलाला मुंबई उच्च न्यायालयात आव्हानही दिलं गेलंय, त्यामुळं इथं वकिलाला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका. हा टप्पा सगळ्यात अवघड. तिकडंही कुणीतरी वर्षानुवर्षं वाट बघून लेकरू पोटाशी धरलेलं असतं.

जिंकलात तर लेकरू तोंडी घेऊन येऊ नका. समितीच्या आदेशाची प्रत, ताबा दिल्याची नोंद, संस्थेतला लसीकरणाचा आणि दवाखान्याचा कागद मागून घ्या. नंतर काही महिने बाल संरक्षण कक्षाची माणसं घरी पाहणीला येतात, त्यांच्याशी वाकडं बोलू नका. मोठं पोर असेल तर हंगामी वसतिगृहात नाव घाला. आणि पुन्हा कोयता घेऊन जायचं असेल तर निघायच्या आधी समितीला लेखी कळवा: लेकरू कुणाकडं आहे, कारखाना कुठला, मुकादमाचा नंबर काय, परत कधी येणार. पोच घ्या, आणि ती सांभाळणाऱ्या मावशीकडंच ठेवा.